अंतकला, गुंफा, पंचफुला : प्रस्तावना

आजीच्या तेरवीला तिची थोरली बहीण आली. नव्वदी ओलांडलेली, कमरेत वाकलेली. नातवाच्या आधारानं दारापर्यंत पोचली, उंबऱ्याला हात लावला आणि तिनं टाहो फोडला, ‘‘अंतकले, माह्या आंदी गेली वं तू!’’ आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या आजीचं नाव सरस्वती. रेशनकार्डावर सरस्वती, मतदारयादीत सरस्वती, सातबाऱ्यावर सरस्वती. अंतकला कोण?

पंगती उठल्यावर म्हातारीला ओसरीत बसवलं, चहा दिला आणि विचारलं. तिनं सांगितलं ते असं. चार पोरींवर पाचवी ही झाली तेव्हा बाप म्हणाला, आता पुरे. ‘‘म्हून अंतकला नाव ठिवलं. अन् लागू पडलं बाप्पा ते नाव, हिच्या पाठीवर भाऊ झाला.’’ पुढं लग्नात ताटात तांदूळ पसरले गेले, अंगठीच्या टोकानं त्यात ‘सरस्वती’ लिहिलं गेलं आणि ते तांदूळ सावडले तेव्हा माहेरचं नाव माहेरीच राहिलं. साठ वर्षं ती आमच्या घरात वावरली. स्वतःच्या पहिल्या नावाबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

हा संग्रह त्या संध्याकाळी सुरू झाला. औषध लागू पडावं तसं नाव ‘लागू पडलं’ हे म्हातारीचं बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. मुलीला दिलेलं नाव मुलीसाठी नव्हतंच. ते तिच्या पाठीवर यायच्या भावासाठी होतं. तरीही ज्या बहिणीनं तिला त्या नावानं हाक मारली, तिच्या तोंडी त्या नावात माया सोडून दुसरं काही नव्हतं. नावाचा अर्थ कोशात एक असतो, बारशाच्या दिवशी दुसरा असतो आणि आयुष्यभर हाका मारून झाल्यावर तिसराच उरतो. या पुस्तकाला या तिन्ही अर्थांशी कर्तव्य आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या बायकांची जी नावं आता नव्या पाळण्यात पडत नाहीत, ती इथं गोळा केली आहेत.

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. पहिलं बारशाला होतं, दुसरं जन्मभर चालतं. बाईच्या बाबतीत ही दोन्ही कामं पुष्कळदा एकाच दिवशी उरकली जात. इंग्रजी अमदानीपासून वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवी. आज जातपडताळणीसाठी जी ‘कोतवाल बुकाची नक्कल’ लोक तहसिलीतून काढतात, ती याच नोंदींची. एक पान माझ्यासमोर आहे. शाई तपकिरी झालेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. तारीख आहे, बापाचं नाव आहे, जात आहे, आणि मुलाच्या रकान्यात फक्त ‘मुलगी’. पुढच्या ओळीत पुन्हा ‘मुलगी’. नोंद जन्मानंतर लगेच व्हायची आणि नाव बाराव्या दिवशी ठेवलं जायचं, हे कारण खरंच आहे. पण परिणाम असा की जातपडताळणीसाठी पणजीची नोंद शोधत आलेल्या पणतीला पणजोबाचं नाव मिळतं आणि पणजी सापडते ती बिननावाची.

ज्या भूमीत ही नोंदवही पडून आहे, तिनं मात्र बायकांची नावं देशभर पोचवली आहेत. विदर्भाची राजकन्या लोपामुद्रा: ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात तिच्या नावाचं सूक्त आहे, आणि महाभारतात कथा आहे की अगस्त्यानं निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव घेऊन ती घडवली आणि विदर्भराजाच्या घरी वाढवली. त्यांच्या सौंदर्याच्या मुद्रांचा जिच्यामुळे लोप झाला ती लोपामुद्रा, अशी त्या नावाची फोड करतात. दमयंती विदर्भाची. तिचं नाव तर थेट बारशाची हकीकत सांगतं: दमन ऋषीच्या वरानं भीमराजाला मुलं झाली, म्हणून मुलगी दमयंती आणि मुलगे दम, दान्त, दमन. रघुवंशातली इंदुमती विदर्भाची. रुक्मिणी कौंडिण्यपूरची; ते गाव वर्धा नदीच्या काठी, आज अमरावती जिल्ह्यात. तीच वर्धा आमच्या जिल्ह्याची उत्तर आणि पूर्व सीमा आखत जाते. रुक्मिणीची आमच्याकडे रुखमा झाली, रखमा झाली, रखमी झाली. रुक्मिणी पोथीत राहिली आणि रुखमा निंदायला, कापूस वेचायला गेली.

ही झीज बिघाड समजणारे लोक पुष्कळ आहेत. मला ती कमाई वाटते. द्रौपदीची धुरपता होते तेव्हा जोडाक्षर सुटतं, ‘र’ पुढं सरकतो, ‘द’ला ‘ह’कार चिकटतो आणि शेवटची ‘ई’ जाऊन ‘आ’ येतो. पार्वतीची पारबता, भागीरथीची भागरता याच वळणानं झाल्या. आमच्या बायकांनी संस्कृत नावांचा शेवट असा ‘आ’वर आणून ठेवला, कारण शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्याला हाक मारायची तर ‘आ’ लांबवता येतो. हे माझं अनुमान आहे. पण ज्यानं दुपारच्या उन्हात ‘धुरपताऽऽ’ अशी हाक ऐकली आहे, त्याला ते पटेल.

मुलींच्या नावांचा विचार आपल्याकडे चार प्रकारच्या लोकांनी केला. पहिले शास्त्रकार. मुलीचं नाव विषम अक्षरांचं असावं, असं गृह्यसूत्रं सांगतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ते उच्चाराला सोपं, कानाला न टोचणारं, स्पष्ट अर्थाचं, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं असं म्हटलं आहे. तिसऱ्या अध्यायात मात्र बायको करताना कोणत्या नावाची मुलगी टाळावी याची यादी येते: नक्षत्राच्या, झाडाच्या, नदीच्या, पर्वताच्या, पक्ष्याच्या, सापाच्या नावाची नको, दासीपण सुचवणाऱ्या किंवा भय वाटेल अशा नावाची नको. ही यादी हातात धरून आमच्या कोणत्याही गावात फिरा. रोहिणी, तुळसा, चंद्रभागा, पर्वता, मैना, नागाबाई, सगळ्या भेटतील, लेकीसुनांसह सुखानं नांदलेल्या. शास्त्रानं नाकारलेली नावं लोकांनी पाळण्यात घातली. फार मागं जायचं तर नाणेघाटाच्या लेण्यातली सातवाहन राणी नागनिका, तिचं नावही सापाचंच.

नदीच्या नावांपाशी थोडं थांबते. आमच्या बायकांना गंगा, यमुना, नर्मदा, गोदावरी, चंद्रभागा ही नावं मिळाली. या नद्या त्यांतल्या बहुतेकींनी पाहिल्या नाहीत. जिच्यावर त्या रोज धुणं धूत होत्या त्या नदीचं नाव क्वचितच कोणी मुलीला दिलं. अरुणावती किती देखणं नाव आहे! दिग्रस, आर्णीकडून वाहत ती पैनगंगेला मिळते. पण अरुणावती नावाची बाई शोधायला मला खूप फिरावं लागलं. वर्धेचं जुनं नाव वरदा. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात विदर्भाचे दोन भाग होतात ते याच नदीची सीमा धरून. वरदा हे नाव पुण्या-मुंबईकडच्या घरांत ऐकू येतं, वर्धेच्या काठी कमी. दाराशी वाहणारी नदी मुलीच्या नावात आणायला ब्रह्मदेशात राहणारं एक मराठी घर असावं लागलं: समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1905 साली तिथं जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीचं नाव त्यांना मिळालं.

दुसरे कोशकार आणि व्युत्पत्तिकार. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात विभागांत निघाला, आणि त्याच्याआधी शंभर वर्षं मोल्सवर्थचा कोश होता. माझ्या कामात हे दोन्ही रोज उघडले गेले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर गावांच्या आणि माणसांच्या नावांच्या व्युत्पत्तींवर स्वतंत्र परिश्रम केले. त्यांची तडफ वंदनीय आहे. पण या घराण्याची एक खोड आहे: प्रत्येक नावाच्या तळाशी संस्कृत शब्द सापडलाच पाहिजे, असं ते धरून चालतात. गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणाऱ्या घरांची नावं त्या चाळणीत येत नाहीत, आणि आली तर ओढूनताणून संस्कृत केली जातात. तिसरे लोकसंस्कृतीचे अभ्यासक. ते बाईला विचारतात. जात्यापाशी बसून ओव्या टिपून घेतात. मी स्वतःला यांच्या पंगतीत, अगदी शेवटच्या पाटावर बसवते. चौथे सरकारी दप्तर. ते विचार करत नाही, फक्त लिहितं. पण शेवटी टिकतं तेच.

आता अंतकला. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याबाहेर हे नाव सांगितलं की समोरचा पुन्हा विचारतो. त्याच्या उगमाच्या तीन वाटा मला दिसतात. पहिली माझ्या आजीच्या बहिणीनं सांगितली ती: अंत म्हणजे शेवट, मुलींचा शेवट. बायकांना विचारलं की बहुतेक वेळा हेच उत्तर येतं. दुसरी वाट व्युत्पत्तीची: अनंताचं स्त्रीरूप करताना ‘अनंतकला’ झालं असावं आणि बोलताना पहिला ‘अन’ गिळला गेला असावा. अनंतचतुर्दशीच्या आसपास जन्मलेल्या मुलीला हे नाव शोभेलही. तिसरी वाट चंद्राची. कला म्हणजे चंद्राचा सोळावा अंश. ‘कला’ हे शेपूट आमच्याकडे इतकं का रुजलं, याचं उत्तर मला सत्यनारायणाच्या पोथीत सापडलं. साधुवाण्याला मुलगी होते, ती शुक्लपक्षातल्या चंद्रासारखी दिवसागणिक वाढते म्हणून तिचं नाव कलावती ठेवतात. तिची आई लीलावती. घरोघर वाचल्या जाणाऱ्या या पोथीनं कलावती आणि लीलावती गावागावांत नेल्या. मग चंद्रकला आली, शशिकला आली. त्याच ओळीत अंतकला बसते: चंद्राची शेवटची कोर.

माझा कौल असा. ‘कला’ पोथीतून आली, ‘अंत’ घरातून आला. पाचव्या मुलीला सरळ ‘पुरे’ म्हणायला आईची जीभ रेटली नसेल, म्हणून बापाच्या ‘आता पुरे’ला तिनं चंद्राची कोर जोडली. अनंतकलेची वाट मी बंद करत नाही, पण ज्या घरांतून मी हे नाव ऐकलं तिथं अनंताचा उल्लेख एकदाही आला नाही. मागच्या बहिणींची संख्या मात्र प्रत्येक वेळी सांगितली गेली.

याच कलावती नावाची एक नोंद इथं करायला हवी. 22 जुलै 2008 रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधींनी मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या कलावतींचं नाव घेतलं आणि कर्जापायी नवरा गमावलेल्या बायकांना देशापुढं एक नाव मिळालं. आमच्या जिल्ह्यातल्या अशा असंख्य बायका ‘शेतकऱ्याची विधवा’ या रकान्यात बिननावाच्याच राहिल्या. कोतवालाच्या वहीतल्या ‘मुलगी’पेक्षा हा रकाना फार वेगळा नाही.

गुंफा या नावानं मला सर्वांत जास्त झुलवलं. गुंफाबाई विदर्भात घरोघर होत्या. पश्चिम महाराष्ट्रात हे नाव ऐकून लोक लेणीच आठवतात. ‘फुलं गुंफतात, त्यातली गुंफा’ असं एक आजी म्हणाली. ऐकायला गोड आहे आणि धातूच्या दृष्टीनं चूकही नाही. पण विदर्भ ही महानुभावांची भूमी आहे. रिद्धपूर ही त्यांची काशी. चक्रधरस्वामींच्या लीळा सांगणाऱ्या लीळाचरित्रात ‘गुंफा’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो: स्वामींचा मुक्काम, एकांताची जागा, जिथं उपदेश व्हायचा ती खोली. जिथं देव राहिला ती जागा म्हणजे गुंफा. लोक पंढरी, द्वारका, मथुरा, काशी ही देवाच्या गावांची नावं मुलींना देतात, तसंच हे नाव दिलं गेलं असणार. मुलगी म्हणजे देवाची वस्तीची जागा! महानुभावांच्या तेराव्या शतकातल्या त्या ग्रंथात बायकांची नावंही पाहण्यासारखी आहेत: बाइसा, महदाइसा, उमाइसा, आउसा. आदरानं लावलेला तो ‘सा’ नंतर मराठीतून गेला. महदाइसा ऊर्फ महदंबा मराठीची आद्य कवयित्री, पण तिचं नाव मी एकाही पाळण्यात ऐकलं नाही.

पंचफुलेबद्दल फार सांगावं लागत नाही. जिचा भार पाच फुलांइतका ती राजकन्या लोककथांमधून सगळ्यांनी ऐकली आहे. मेरी फ्रिअर यांनी 1868 साली दख्खनच्या कथांचं इंग्रजी पुस्तक छापलं, त्यातही पंचफूल राणी आहे. तरी एक गोष्ट लक्षात राहिली. पंचफुला नावाच्या ज्या बायका मला भेटल्या त्या सगळ्या आयुष्यभर डोक्यावर सरपणाचे भारे वाहिलेल्या. निर्गुणा हे नाव याहून नवलाचं. ब्रह्माला लावायचं विशेषण मुलीला लावलं. आणि बोलीत ‘निर्गुणी’ म्हणजे केलेल्याची जाण नसलेली. एकाच शब्दात देव आणि शिवी. वणीजवळच्या निर्गुडा नदीशी त्याचा संबंध जोडतात, तो मात्र चुकीचा आहे. नदीचं नाव निर्गुडीच्या झुडपाचं आहे.

नकोशा मुलींच्या नावांबद्दल महाराष्ट्रात बरीच चर्चा झाली ती ऑक्टोबर 2011 मध्ये, सातारा जिल्ह्यात 285 ‘नकुसां’ना समारंभानं नवी नावं दिली गेली तेव्हा. काम चांगलंच झालं. पण त्यानंतर धोंडी, दगडी, कचरी, भिकी या सगळ्या नावांना एकाच पोत्यात भरायची सवय लागली, ती बरोबर नाही. मागची मुलं जगली नाहीत म्हणून मुलीला दगडी म्हणायचं, कचरी म्हणायचं, म्हणजे काळाची नजर तिच्यावर पडू नये. हा आईनं मुलीभोवती घातलेला पहारा आहे. भिकी ही देवाकडून भीक मागून आणलेली, म्हणजे नवसाची. धोंडाबाई पुष्कळदा अधिकमासातली, धोंड्याच्या महिन्यात जन्मलेली, एवढंच. पुनाबाई पुनवेची, दिवाळीबाई दिवाळीची, तशीच ती. ही जगावी म्हणून ठेवलेली नावं, आणि अंतकला, नकोशी ही थांबावं म्हणून ठेवलेली. बाहेरून दोन्ही सारखीच खडबडीत दिसतात. आत उलट्या दिशेनं वाहतात. ज्यानं हा भेद केला नाही त्यानं या विषयाला हात घालू नये.

पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी या भागातल्या तांड्यांवर वेगळाच कायदा चालतो. बंजारा बोलीत शनिवार म्हणजे थावर. शनिवारी जन्मली ती थावरी. सोमवारची सोमली, मंगळवारची मंगली. सामकी हे नाव सामकी मातेचं. केळापूर, मारेगाव, झरी जामणीकडे कोलामांचे पोड आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कोलामी आणि गोंडी या दोन्ही द्राविड कुळातल्या भाषा. तिथंही बुधी, सुक्री अशी वारांची नावं आहेत, पण जंगूबाईसारखं देवीचं नाव भेटलं की आपण संस्कृतच्या हद्दीबाहेर आलो हे कळतं. गोंडीत फुलाला पुंगार म्हणतात. फुला, पुष्पा, कुसुम, सुमन अशी एका अर्थाची चार नावं आपण ठेवली. पाचवं शेजारच्या वस्तीत होतं, ते आपण कधी मागितलं नाही. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड घराण्यातली राणी हिराई कारभारानं नाव काढून गेली, तिचं नाव तरी पुन्हा पाळण्यात यावं असं मला फार वाटतं.

वारावरून ठेवलेल्या या नावांना काही जण ‘अर्थ नसलेली’ म्हणतात. मला ती सगळ्यांत प्रामाणिक वाटतात. ज्या घरात पंचांग नव्हतं, घड्याळ नव्हतं, त्या घरानं मुलीचा जन्मदिवस तिच्या नावातच लिहून ठेवला.

या जिल्ह्यातल्या नावांच्या इतिहासात सर्वांत मोठं वळण मात्र 14 ऑक्टोबर 1956 चं. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोन दिवसांनी चांद्याला दीक्षा झाली. वणी तिथून जवळ. त्यानंतरच्या पिढीत, दीक्षा घेतलेल्या घरांत, सुजाता, गौतमी, यशोधरा, विशाखा, आम्रपाली, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा अशी नावं पाळण्यात आली. त्याआधी त्याच घरांतल्या बायका कागदावर सखी, भागी, जनी, धोंडी अशा आखूड होऊन ‘ई’वर संपत होत्या. गावातल्या वरच्या आळीतली सखूबाई आणि खालच्या वस्तीतली सखी, असा तो हिशोब होता. ‘बाई’ हा प्रत्ययसुद्धा जात बघून मिळे. म्हणून नवी नावं निवडताना जे घडलं त्याचं मला अपार कौतुक आहे. संघमित्रा या नावाचा अपमान करायला ते आखूड करता येत नाही. अशोकाच्या मुलीचं ते नाव, बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेला गेलेल्या भिक्षुणीचं. पटाचारा हे नाव तुलनेनं दुर्मीळ राहिलं; नवरा, मुलं, आईबाप एका झपाट्यात गमावून वेडी झालेली आणि पुढं विनयाची जाणकार थेरी झालेली बाई. आमच्या जिल्ह्यात ते नाव कोणी ठेवलं असेल तर त्या आईनं विचारपूर्वक ठेवलं आहे.

त्यामानानं मधल्या काळातल्या शहरी लाटा मला उथळ वाटतात. कुसुम, नलिनी, मालती, विमल, मग सिनेमाच्या नट्या, मग मालिकांच्या नायिका. त्यांचा इतिहास इतरांनी पुष्कळ लिहिला आहे. एक अपवाद सांगते. राळेगावच्या जंगलातली वाघीण वनखात्यासाठी ‘टी-1’ होती. लोकांनी तिला अवनी म्हटलं, आणि 2 नोव्हेंबर 2018 रोजी ती मारली गेली तेव्हा ते नाव जगभर गेलं. अवनी म्हणजे पृथ्वी हे सगळ्यांना ठाऊक आहे. वैदिक भाषेत त्याच शब्दाचा अर्थ नदीचा प्रवाह, नदीचं पात्र असाही होतो. वाघिणीला नंबराऐवजी नाव मिळालं की माणसं तिच्यासाठी रडतात, कोर्टात जातात. नाव असण्याचा उपयोग तो हा.

हे सारं आत्ताच का? कारण आता सरकार आईचं नाव विचारू लागलं आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढं आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनानं सरकारी कागदांवर बंधनकारक केला. फार मोठी गोष्ट आहे ही. पण कोणतं नाव? माहेरचं, तांदळातलं, की आधारकार्डावर संगणकानं छापलेलं? एका गुंफाबाईचं कार्ड मी पाहिलं; त्यावर ‘गुफा’ छापलं होतं. एका अंतकलेची कार्डावर ‘अंताकला’ झाली होती. दुरुस्तीला शहरात जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून त्यांनी तेच नाव स्वीकारलं. पूर्वी लग्नात नाव बदलायचं, आता टंकलेखनात बदलतं.

असं सोसणं अटळ नव्हतं, हेही याच मातीत दिसतं. सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भावर वाकाटकांचं राज्य होतं. दुसऱ्या रुद्रसेनाच्या मृत्यूनंतर मुलांच्या नावानं कारभार पाहणारी राणी प्रभावतीगुप्ता हिनं आपल्या ताम्रपटांत आधी माहेरची, गुप्तांची वंशावळ कोरवली, आणि गोत्रही माहेरचंच, धारण, दिलं. तिनं आपलं नाव तांदळात लिहू दिलं नाही, तांब्यावर कोरून घेतलं.

या संग्रहात काय आहे आणि काय नाही, ते सांगते. हे बाळाचं नाव शोधायचं पुस्तक नव्हे. नावापुढं एका शब्दात अर्थ इथं मिळणार नाही. प्रत्येक नावासोबत ते कोणत्या भागात ऐकलं, ते नाव असलेल्या बाईनं त्याचा काय अर्थ सांगितला, शेजारणीनं काय सांगितला आणि कोश काय म्हणतो, हे वेगवेगळं दिलं आहे. जिथं माझं मत आहे तिथं ते माझं म्हणून दिलं आहे. बायकांचं बोलणं त्यांच्या वऱ्हाडीत ठेवलं, प्रमाण केलं नाही. कोणाचंही आडनाव किंवा गाव छापलेलं नाही, कारण ज्यांनी ओसरीवर बसून विश्वासानं सांगितलं त्यांना चव्हाट्यावर आणायचं नव्हतं. काही नावांना एकाहून जास्त अर्थ आले आणि ते एकमेकांशी भांडतात. ते भांडण मी मिटवलं नाही.

पुस्तकाच्या शेवटी आठ पानं कोरी सोडली आहेत. वाचकाला माझी एवढीच विनंती आहे: घरात ऐंशीच्या पुढची बाई असेल तर हे पुस्तक पुढं वाचण्याआधी तिच्यापाशी जाऊन बसा. तिचं पाळण्यातलं नाव काय होतं, ते कोणी ठेवलं, कोणत्या कारणानं ठेवलं आणि शेवटची हाक त्या नावानं कोणी मारली, हे विचारा आणि त्या कोऱ्या पानांवर तिच्या शब्दांत लिहून ठेवा.